राइड-ऑन मोवर: मैदानात, उतारावर आणि टेम्पोच्या हौद्यात

जुलै संपत आला की ऑफिसातून फोन येतोच. ‘झेंडावंदनाच्या आत मैदान करून टाका.’ तेव्हा गवत घोट्याच्या वर गेलेलं असतं आणि खालची काळी माती लोण्यासारखी झालेली असते. या धंद्यातली खरी गोम हीच आहे. ज्या दोन-तीन महिन्यांत गवत कापायच्या मशीनला सगळ्यात जास्त काम असतं, त्याच महिन्यांत मशीन घालायला जमीन सगळ्यात वाईट असते.

मी एका शिक्षणसंस्थेच्या आवारातली हिरवळ सांभाळतो. आमच्याकडे ६० इंची डेकचं झिरो टर्न आहे, म्हणजे वर बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं मोवर. डेक म्हणजे ज्याच्या खाली पाती फिरतात ते पत्र्याचं कवच. पोरं त्याला ‘रेडा’ म्हणतात. ते दुसऱ्या आवारातही लागतं, म्हणून महिन्यातून एकदोनदा टेम्पोत चढतं. नवीन ऑपरेटर आला की पहिल्या आठवड्यात त्याला जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितोय. गवत सुंदर कसं कापावं हे त्यात फारसं नाही. मशीन कुठे न्यायचं नाही, हे मात्र बरंच आहे.

आधी रेडा ओळखून घ्या

झिरो टर्नला स्टिअरिंग नसतं आणि पायाखाली ब्रेकही बहुधा नसतो. दोन हातांत दोन लिव्हर असतात आणि प्रत्येक लिव्हर आपल्या बाजूचं मागचं चाक चालवतो. दोन्ही सारखे पुढे ढकलले की मशीन सरळ जातं. उजवा जास्त ढकलला की डावीकडे वळतं. एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी भोवऱ्यासारखं फिरतं. पुढची दोन चाकं सुटी, कपाटाच्या चाकांसारखी असतात. ती फक्त वजन पेलतात, दिशा देत नाहीत.

म्हणजे वळणं, पळणं आणि थांबणं ही तिन्ही कामं मागच्या दोन टायरांवर आहेत. ते टायर ओल्या गवतावर घसरले, की तुमच्या हातात वळणही राहत नाही आणि ब्रेकही राहत नाही. गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण गाडीत ब्रेक चुकला तरी स्टिअरिंग उरतं.

नवशिक्याची दुसरी खोड म्हणजे घाबरला की दोन्ही लिव्हर खसकन मागे ओढतो. त्याला थांबायचं असतं, मशीन मात्र मागे उसळी मारतं. म्हणून पहिले दोन दिवस पाती बंद ठेवून, सपाट मोकळ्या जागेवर, बादल्या उलट्या मांडून त्यांच्यामधून नुसतं फिरायला लावा. लिव्हर हळूच मधोमध आणून थांबणं हाताला आपोआप जमलं पाहिजे. ते जमेपर्यंत पात्याच्या बटणाला हात लावू देऊ नका.

रोल बार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, उभा असेल तर सीटबेल्ट लावायचाच. मशीन उलटलं तर तुम्ही त्या कमानीच्या आत राहिला पाहिजेत आणि ते काम बेल्ट करतो. झाडाच्या फांद्यांमुळे बार खाली दुमडावा लागला तर मात्र बेल्ट काढायचा. कमान नसताना बेल्टने मशीनला बांधलेला माणूस मशीनखालीच सापडतो. फांदी संपली की बार परत उभा, पिना जागेवर, बेल्ट लावलेला. बार दुमडलेला ठेवूनच अख्खा दिवस काढणारे ऑपरेटर मी पाहिलेत. अशांना मी त्या दिवशी ब्रश कटर देतो, म्हणजे हातात धरून गवत कापायचं यंत्र.

सकाळची पंधरा मिनिटं

इंजिन थंड असताना, सपाट जागेवर ऑइल पाहा. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर मशीनच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर भरतो, तो झटका. चारही टायरची हवा गेजने मोजा, डोळ्यांनी नको. एका बाजूची हवा कमी असली की डेक तिरपा बसतो आणि कापणीला पायऱ्या पडतात. उतारावर तर तोल आधीच गेलेला असतो. सायलेन्सरभोवती साचलेलं वाळलं गवत काढा, आग तिथून लागते.

हायड्रॉलिक तेलाचा थेंब दिसला तर पाइपवरून बोट फिरवून गळती शोधू नका. दाबाखालची सुईएवढी धार कातडीतून आत शिरते आणि वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग पडतो. अशी धार लागलीच तर दुखो वा न दुखो, थेट दवाखाना.

मग सीटचा स्विच तपासा. सपाट जागेवर, आजूबाजूला कोणी नसताना, पाती चालू करून सीटवरून किंचित उठा. पाती आणि इंजिन बंद पडलंच पाहिजे. पडलं नाही तर त्या दिवशी मशीन शेडमध्येच. सीटखालच्या वायरीला वायर जोडून हा स्विच बाद करणारे महाभाग सगळीकडे असतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘खड्ड्यात उसळलं की सारखं बंद पडतं.’ मग तिथे हळू चालवा, किंवा स्विच बदला.

पेट्रोल थंड इंजिनात, उघड्यावर भरायचं, बिडी लांब. कॅन टेम्पोच्या हौद्यात, विशेषतः प्लास्टिकच्या मॅटवर ठेवून भरू नका. जमिनीवर उतरवा आणि मग भरा. स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. जाड तळाचे बूट, चष्मा, कानाला मफ. गळ्यात उपरणं, पायात चप्पल, कानात गाणी, यातलं काही नको. सीटजवळचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो आणि दिवसभर तो ऐकून कान जातो तो परत येत नाही.

मैदान आधी पायी

हे आमच्याकडे कुणालाच आवडत नाही आणि मी ते कधीच सोडत नाही. कापायचा पट्टा आधी चालून घ्यायचा. सोबत एक पोतं आणि लाल कापडाच्या खुंट्या. पोत्यात काय काय येतं? क्रिकेटचा चेंडू, बांधकामाची तार, फुटक्या पीव्हीसीचे तुकडे, नारळाची करवंटी, गॅदरिंगच्या मांडवाचा राहिलेला लोखंडी खुंटा. हा खुंटा सगळ्यात वाईट. गवतात अजिबात दिसत नाही आणि पात्याला लागला तर पातं वाकतं, किंवा त्याचा तुकडा उडतो.

पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फूट अशी वरची मर्यादा आहे. म्हणजे ताशी जवळजवळ ३४७ किलोमीटर. त्या वेगाने खडा सुटला की तो खडा राहत नाही. म्हणून डेकच्या बाजूची गवत फेकणारी झडप खाली पडलेलीच हवी. झाडांच्या दोन ओळींतून जाता यावं म्हणून ती तारेने वर बांधणं म्हणजे भरलेल्या बंदुकीचा घोडा ओढून फिरणं. गवत फेकण्याची बाजू माणसं, काचा आणि गाड्या यांच्याकडे येणार नाही अशाच दिशेने फेरे आखा. आमचा नियम पन्नास पावलांचा. तेवढ्या अंतरात माणूस आला की पाती बंद. पोर आलं तर इंजिनच बंद, कारण पोरं मशीनकडे धावत येतात. त्यांना मांडीवर बसवून चक्कर कधीच द्यायची नाही. एकदा चक्कर मिळालेलं पोर दुसऱ्या दिवशी मागून पळत येतं आणि तुम्ही नेमके रिव्हर्समध्ये असता.

खुंट्या लावायच्या त्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी, झाडाच्या बुंध्याशी. उन्हाळ्याच्या तोंडाशी एखादी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर पायाखाली पाहा. तिची चार ठिपकेदार अंडी उघड्यावर, खड्यांतच असतात. आम्ही त्याभोवती चार खुंट्या ठोकतो आणि महिनाभर तेवढं गवत वाढू देतो.

उतार: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

बहुतेक झिरो टर्नच्या पुस्तकात १५ अंशांची मर्यादा असते, काहींत १० अंशांचीच. पण १५ अंश म्हणजे किती हे नजरेने कुणालाच कळत नाही. एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ घ्या. फळीचं एक टोक उतारावर टेकवा, दुसरं टोक खालच्या बाजूला हवेत धरून फळी पाणसळीत आणा. हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १८ सेंटिमीटर आलं तर उतार १० अंशांचा, २७ आलं तर १५ अंशांचा. अख्ख्या आवाराचं हे काम आम्ही एका उन्हाळ्यात केलं आणि नकाशावर रंग भरले. हिरव्यात मशीन कधीही. पिवळ्यात जमीन कोरडी असेल तरच. लाल भागात मशीन नाही, तिथे ब्रश कटर. या नकाशामुळे ऑफिसशी होणारे निम्मे वाद मिटले. ‘ऑपरेटर कामचुकार आहे’ असं आता कुणाला म्हणता येत नाही.

लाल रंगात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे कडा. तळं, नाला, संरक्षक भिंतीचा माथा, पायऱ्यांची कड. यांच्यापासून मशीनच्या रुंदीच्या दुप्पट पट्टा सोडायचा. पावसाळ्यात कडेची माती आतून पोखरलेली असते, वरून गवत हिरवंगार.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठला, मी स्वतः तळ्याकडच्या उतारावर होतो. उतार फार नव्हता. रात्रभर भुरभुर पाऊस होऊन गेला होता आणि वर ऊन पडल्यामुळे गवताची टोकं सुकल्यासारखी वाटत होती. मध्यावर आल्यावर वळायला लिव्हर हलवला आणि मागचं टोक हळूच खाली सरकायला लागलं. आवाज नाही, झटका नाही. मी लिव्हर मागे घेतले, चाकं उलटी फिरली आणि मशीन आणखी जोरात सरकलं. पाण्याच्या अलीकडे एक गुलमोहर होता, त्याला डेक टेकला म्हणून थांबलं. खाली उतरून टाच रोवली तर टाच अख्खी आत गेली.

तेव्हापासून टाचेची परीक्षा रोजची. उतारावर तीन-चार ठिकाणी बुटाची टाच जोरात रोवायची. ती सहज आत गेली, किंवा खळग्यात पाणी आलं, तर तो उतार त्या दिवशी बंद. काळी माती वरून कोरडी दिसली तरी खाली पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाऊस उघडल्यावरही दोन-तीन दिवस थांबावं लागतं. जांभ्याच्या जमिनीत पाणी लवकर मुरतं, पण तिथे वरचं शेवाळ घात करतं.

उतार आडवा कापायचा की खालीवर, हे मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून तुमच्या मशीनचं पुस्तकच प्रमाण माना. मात्र मशीन कोणतंही असो, उतारावर सुरुवात नाही, थांबणं नाही, झटक्याने वळणं नाही. वळायचं ते सपाटीवर येऊन. टायर घसरायला लागलेच तर पाती बंद करा आणि सरळ खाली, संथ गतीने उतरा. मी लिव्हर ओढले तसे ओढू नका.

कापताना

वाढलेलं गवत एका फेऱ्यात बुडापासून काढायला जाऊ नका. डेक उचलून पहिला हात, दोन दिवसांनी दुसरा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं नाही तर हरळी पिवळी पडत नाही, डेकही तुंबत नाही. ऊबडखाबड जागेत अर्ध्या वेगानेच. रिव्हर्स घेताना आधी मान पूर्ण वळवून खाली आणि मागे पाहायचं, मगच लिव्हर.

डेक तुंबला की खरी परीक्षा. ओलं गवत पावसाळ्यात दर अर्ध्या तासाला तुंबतं आणि प्रत्येक वेळी सगळं बंद करायचा कंटाळा येतो. तरी क्रम मोडायचा नाही. पात्याचं बटण खाली दाबा. लिव्हर बाहेर मोकळे करा. पार्किंग ब्रेक ओढा. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात टाका. पाती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत सीटवरून उतरू नका. मग काठीने गवत काढा, हाताने नाही. इंजिन बंद असलं तरी एक पातं हाताने फिरलं की पट्ट्याने जोडलेली बाकीची पातीही फिरतात, आणि धार तर असतेच.

पाती काढायला डेकखाली जायचं असेल तर स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा. मशीन नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्या. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवा. एक टोक खाली झुकलं तर त्या बाजूने आणखी घासा. तोल नसलेलं पातं महिनाभरात बेअरिंग खातं.

एका जागेहून दुसरीकडे

आवारातल्या रस्त्यावरून नेताना पाती बंद, डेक पूर्ण वर, वेग माणसाच्या भरभर चालीइतका. फुटपाथची कड चढायची असेल तर लाकडी फळी टाका. उगाच उडवायला गेलात तर पात्याचा दांडा वाकतो.

इंजिन बंद पडलेलं मशीन दोरीने ट्रॅक्टरमागे ओढून आणण्याचा मोह होतो. करू नका. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा भाग, ओढल्याने आतून जळतो आणि त्याचा खर्च नवीन मशीनची आठवण करून देणारा असतो. मागे तेलाच्या दोन्ही पंपांजवळ बायपास असतो, म्हणजे चाकं मोकळी करणारा व्हॉल्व्ह. तो पुस्तकाप्रमाणे उघडा, पार्किंग ब्रेक सोडा आणि हाताने, सपाटीवर, थोडंसंच ढकला. बायपास उघडा असताना लिव्हर थांबवण्याचं काम करत नाहीत, हे ढकलणाऱ्या सगळ्यांना आधी सांगा. उतार असेल तर जागेवरच दुरुस्ती करा.

आता टेम्पो. पहिलं काम मोजपट्टीचं. ६० इंची डेक म्हणजेच १५२ सेंटिमीटर, झडप बाहेर येते ती वेगळी. छोट्या हत्तीचा हौदा दीड मीटरच्या आतबाहेर, म्हणजे मशीन बसतच नाही. वजनही पाहा. या मापाचं व्यावसायिक मशीन साधारण ५५० ते ६५० किलोचं भरतं. आम्ही मोठा पिकअप बोलावतो आणि ड्रायव्हरला फोनवरच सांगतो, ‘फाळका पूर्ण खाली पडणारा हवा.’

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. हौद्याची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या किमान चौपट रॅम्पची लांबी. हौदा ७५ सेंटिमीटरवर असेल तर रॅम्प ३ मीटरचा. एवढा केला की चढ १५ अंशांच्या आत राहतो. लांब रॅम्प नसेल तर टेम्पोची मागची बाजू एखाद्या मातीच्या भराव्याला लावा. आमच्या मैदानाच्या कडेला असा एक बांध आहे, तिथे उंची निम्मी होते. रॅम्प अख्ख्या रुंदीचा हवा. दोन सुट्या फळ्यांवर पुढची सुटी चाकं कधी आडवी होऊन मधल्या फटीत जातील याचा नेम नाही.

रॅम्प टेम्पोला साखळीने बांधा. न बांधलेला रॅम्प चाकांच्या जोराने मागे सरकतो आणि मशीन अधांतरी राहतं. टेम्पोचा हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे द्या. हौद्याच्या मागच्या टोकाखाली एक जाड ओंडका टेकू द्या, कारण सहाशे किलो वजन कडेवर आलं की टेम्पोचं नाक उचलतं.

आणि चढवायचं ते उलटं, रिव्हर्समध्ये. मशीनचं वजन मागच्या चाकांवर असतं. तोंड वर करून चढवलं तर पुढचा भाग हलका होतो आणि मागच्या चाकांवर मशीन मागे उलटू शकतं, तुम्ही त्याखाली. उलटं चढवलं की जड बाजू कायम वर राहते. उतरवताना मात्र तोंड पुढे करून, तेव्हाही जड बाजू वरच असते. पाती बंद, डेक पूर्ण वर, गती मुंगीची, मध्ये दिशा बदलायची नाही. एकदा चढायला लागलात की हौद्यात जाऊनच थांबा. रोल बार उभा, बेल्ट लावलेला. मदतनीस रॅम्पवर नाही, मशीनच्या मागे नाही, खालीही नाही. तो टेम्पोच्या बाजूला, तुम्हाला दिसेल अशा जागी उभा राहतो आणि फक्त हाताने खूण करतो. तोंडाने ओरडून काही ऐकू येत नाही. ओला किंवा चिखलाचा रॅम्प आधी झाडून पुसून घ्या. पाऊस चालू असेल तर आम्ही चढवत नाही, ड्रायव्हरला चहा पाजतो.

वर गेल्यावर डेक खाली सोडा, पार्किंग ब्रेक ओढा, इंजिन बंद, किल्ली खिशात, पेट्रोलचा कॉक बंद. चार कोपऱ्यांतून चार रॅचेट पट्टे, खाली आणि बाहेरच्या दिशेला ताणलेले. पट्टा मशीनच्या फ्रेमला अडकवा. रोल बारला, लिव्हरला किंवा डेकच्या पत्र्याला नाही. सुतळी आणि नायलॉनची दोरी ताडपत्रीसाठी ठेवा, मशीनसाठी नाही. रोल बार वायरी, फांद्या, गेटची कमान यांना लागणार नाही ना, हे निघण्याआधी पाहा. लागत असेल तर दुमडा. सीटवर कोणी बसून जाणार नाही, क्लीनरसुद्धा नाही.

पहिल्या चार-पाच किलोमीटरवर टेम्पो बाजूला घ्यायला लावा आणि पट्टे पुन्हा ओढून बघा. टायर दबतात, पट्टे ढिले पडतात. मागच्या खेपेला आमचा उजवा मागचा पट्टा असाच दोन बोटं सैल निघाला होता. ड्रायव्हर कुरकुरला, ‘साहेब, एवढं कशाला?’ मी रॅचेट चार वेळा ओढला आणि त्याला गाडी काढायला सांगितलं.